कुमुदच्या जमिनीतले तीन खांब

कुमुद,

तुझ्या भाच्याने, हेमंतने, पेपरात चार ओळी दिल्या. त्यात तुझं वय दोन वर्षांनी कमी पडलंय आणि 'सेवानिवृत्त शिक्षिका' असं छापलंय. तू निवृत्त झालीच नव्हतीस, राजीनामा देऊन आली होतीस, आणि हे तू समोरच्याला थांबवून सांगायचीस. हेमंतला दुरुस्ती द्यायला सांगावं असं मनात आलं, मग सोडून दिलं. जन्म, शिक्षण, नोकरी, पश्चात परिवार हे सगळं त्या चार ओळींत उरकलंय. मला ते पुन्हा लिहायचं नाही.

मला आपलं भांडण पुरं करायचंय. ते अर्धवट राहिलं, आणि आता दोन्ही बाजू मलाच सांभाळायच्या आहेत. तुझी बाजू मी प्रामाणिकपणे मांडीन, एवढी खात्री बाळग. रडू अजून फारसं आलेलं नाही. शैला म्हणते, येईल. मी त्याची वाट बघत बसलेले नाही.

२०१४ च्या दिवाळीनंतर तू मला डहाणू रोड स्टेशनवर घ्यायला आली होतीस. ठाण्याच्या होस्टेलनंतर आपण वर्षाकाठी एकदोनदा भेटायचो, पण त्या दिवशी तुझ्या चालण्यात घाई होती. टमटममध्ये ड्रायव्हरच्या शेजारी बसून तू त्याच्याशी गुजरातीत बोलत राहिलीस आणि मधेच मागे वळून मला म्हणालीस, "वाटण्या झाल्या." समुद्राकडची चिकूची वाडी भावाला गेली होती. तुझ्या वाट्याला आली ती आतली, तलासरीच्या बाजूची तीन एकर गवताची जमीन, एक जुनी विहीर आणि बांधावरची सात ताडाची झाडं. भावाला वाटत होतं त्याने तुला फसवलं. तुला वाटत होतं तू त्याला फसवलंस.

जमिनीवर पोचल्यावर तू काही दाखवलं नाहीस. फक्त म्हणालीस, "विजू, वर बघ. इथे तार नाही."

"दिसतंय."

"येणारही नाही. आपण आणायचीच नाही."

हे 'आपण' कोण, ते मी विचारलं नाही. डोंबिवलीच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये मी सव्वीस वर्षं काढली होती. रक्ताच्या नळ्या, फ्रिजची घरघर, मशीनची टिकटिक, आणि खाली तळघरात जनरेटर. घरी आल्यावरही तो आवाज कानात असायचा. त्या माळावर उभी राहिले तेव्हा कानात काहीच नव्हतं. लोक मला विचारायचे, एवढी चांगली नोकरी सोडून का गेलीस. मी त्यांना पर्यावरण वगैरे सांगायचे. खरं कारण हे होतं, आणि ते फक्त तुला माहीत होतं.

दिलीप आणि शैला नंतर आले. तो बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेला, ती शिवणाचे वर्ग घेणारी. मातीची घरं बांधायला शिकवणाऱ्या एका शिबिरात तुझी त्यांच्याशी ओळख झाली होती. तिथूनच तू जाड भिंतींचं वेड घेऊन आलीस. दीड फूट जाडीच्या, पायाने तुडवलेल्या चिखलाच्या भिंती. २०१५ चा सगळा उन्हाळा आपण चौघांनी चिखल तुडवण्यात घालवला. तीन घरं आणि एक सामाईक स्वयंपाकघर. एक सौर पॅनल आणि बॅटरी, त्यांवर तीन दिवे आणि फोन. पाणी रहाटाने. तू कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर फळ्यावर लिहावं तशा अक्षरात तीन नियम लिहिलेस आणि ते स्वयंपाकघरात लावलेस. तार नाही. पंप नाही. सगळ्यांचं 'हो' असल्याशिवाय कुठलाही निर्णय नाही.

तिसऱ्यासाठी तू हट्ट धरला होतास. दिलीप म्हणाला होता, चारातले तिघे पुरे. तू म्हणालीस, "तिघांनी मिळून चौथ्याला गप्प करायचं असेल तर मी आमच्या घरीच राहिले असते. तिथे तेच चालायचं."

जागेला नाव काय द्यायचं यावर आपलं एकमत झालं नाही, म्हणून नाव राहिलंच नाही. पाड्यावरच्या लोकांनी आपल्याला न विचारता ठेवलं, बायांची वाडी. दिलीपला ते फारसं आवडलं नव्हतं.

पाडा म्हणजे आपल्या जमिनीच्या पलीकडची तेवीस घरं. तिथली लखमी गवत कापायला आपल्या बांधावरून जायची. पहिल्याच आठवड्यात ती भिंतीपाशी थांबली, तळहाताने जाडी मोजली आणि म्हणाली, "एवढी जाड भित कशाला? हत्ती बांधायचाय?" तू तिला समजावून सांगितलंस, आत गारवा राहतो. तिने मान हलवली. मग विचारलं, "तुमच्या गावाला घरात लाइट नव्हती?"

"होती की."

"मग?"

"मग कंटाळा आला," तू म्हणालीस.

लखमीने थोडा विचार केला. "आमाला अजून कंटालायला मिलाली नाय," ती म्हणाली, आणि भारा उचलून गेली.

तू खूप हसलीस. संध्याकाळी दिलीपला, शैलाला परत परत सांगितलंस. मीही हसले. पण तू त्या रात्री जेवताना गप्प होतीस, आणि मी नव्हते. आपल्या दोघींतला फरक तिथे सुरू झाला असणार. मला तो तेव्हा दिसला नाही.

दुसऱ्या उन्हाळ्यात विहीर आटली. गुडघाभर पाणी आणि त्याखाली वर्षानुवर्षांचा गाळ. पंप नाही हा नियम, म्हणून गाळ हातानेच काढायचा. तू कमरेला दोर बांधून खाली उतरलीस, मी रहाटावर, दिलीप आणि शैला घमेली ओढायला. तासाभरात आपल्या चौघांचे हात सोलवटले. दुसऱ्या दिवशी सकाळी लखमी सहासात बायकांना घेऊन आली. कुणी बोलावलं नव्हतं. त्यांनी आपल्याला बाजूला बसवलं आणि तीन सकाळी त्या गाळ काढत होत्या. त्यातली एक सारखी हसत होती. काय झालं विचारलं तर म्हणाली, "पंप घेयाची ऐपत हाय आन् घेत नाय, असं मानूस मी पयल्यांदाच बघते." तिसऱ्या दिवशी तळाच्या एका कपारीतून झरा फुटला. तू खालून ओरडलीस. वर आलीस तेव्हा तुझे केस, भुवया, दात सगळं चिखलाचं होतं, आणि तू त्या अवतारात लखमीला मिठी मारलीस. तिला ते फारसं रुचलं नाही. तिने लुगडं झटकलं.

तुझ्या आयुष्यातला सगळ्यात आनंदाचा दिवस कुठला, असं मला कुणी विचारलं तर मी तो सांगीन. तू स्वतः कदाचित दुसरा सांगितला असतास.

आता भांडणाकडे येते.

२०१७ च्या पावसाळ्यानंतर पाड्यावर तार येणार असं ठरलं. लखमीचा नवरा आणि इतर लोक कितीतरी वर्षं अर्ज करत होते. वीज कचेरीतून एक साहेब पाहणीला आला. रस्त्याच्या कडेने तार आणायची तर मधे वनखात्याची जमीन लागते, तिची परवानगी कधी मिळेल ते कुणालाच सांगता येईना. जवळची वाट आपल्या जमिनीतून. तीन खांब. त्यासाठी जमीनमालकाची ना हरकत लागणार.

आपण त्यावर कधीच बसून बोललो नाही. मी वाट बघत होते की तू विषय काढशील. माझं मत तयार होतं. पाड्याला तार मिळायला माझा विरोध नव्हता, पण ती आपल्या डोक्यावरून जायला होता. एकदा खांब उभे राहिले की चार वर्षांत आपणही एक जोडणी घेणार, मग पंप, मग फ्रिज, आणि मग आपण माळावर राहायला आलेले चार निवृत्त लोक एवढंच उरणार. वनखात्याकडे पाठपुरावा करू, आपण चौघे त्यासाठी फेऱ्या मारू, असं मी म्हणणार होते. वर्ष लागेल, दोन लागतील.

तो विषय तू काढला नाहीस. एका सकाळी मी अंगणात होते आणि तीन माणसं पहारी घेऊन आली. चुन्याने जमिनीवर तीन गोल काढले. मी विचारलं, कुणाच्या परवानगीने? त्यातल्या एकाने घडी घातलेला कागद दाखवला. खाली तुझी सही. फळ्यावर लिहावं तशीच.

तू विहिरीवर होतीस. मी कागदाबद्दल विचारलं. तू बादली खाली ठेवलीस आणि म्हणालीस, "हो. मी केली."

"आणि नियम?"

"मोडला."

"तूच लिहिलेला."

"म्हणून मोडता आला," तू म्हणालीस. मग म्हणालीस, "विजू, तेवीस घरं आहेत."

घरं किती आहेत ते मला माहीत होतं. मला त्या क्षणी वेगळंच कळलं आणि ते मी तुला बोलून दाखवलं. शैला आणि दिलीप दारात येऊन उभे होते. मी म्हणाले की सातबारावर एकच नाव आहे, तुझं. तीन वर्षं आपण सगळ्यांचं 'हो' वगैरे खेळत होतो, कारण तुला तो खेळ आवडत होता. ज्या दिवशी आवडेनासा झाला त्या दिवशी तू मालकीण झालीस. तू बादली उचललीस आणि स्वयंपाकघरात गेलीस.

चार दिवसांनी मी डोंबिवलीला बहिणीकडे निघून गेले. तू टमटमपर्यंत माझी पिशवी घेऊन आलीस. टमटम सुटताना तू ड्रायव्हरला म्हणालीस, "सावकाश चालव."

मी जवळजवळ वर्षभर आले नाही. त्या वर्षात तू मला तीन पत्रं पाठवलीस. तिन्हींत भाजीपाला, विहिरीची पातळी आणि शैलाचा खोकला. पाड्यावर तार आली, त्याचा उल्लेख नाही. माफीचा एक शब्द नाही. मी एकाही पत्राला उत्तर दिलं नाही. ती तिन्ही माझ्याकडे आहेत, हे तुला सांगायचं राहिलं.

मग २०१८ च्या दिवाळीनंतर जमीन हलायला लागली. आधी पेपरात वाचलं, डहाणू-तलासरीला हादरे. मग टीव्हीवर ओळखीची गावं दिसायला लागली, लोक घराबाहेर, ताडपत्र्यांखाली. मी फोन करायचा नाही असं ठरवलं होतं. डिसेंबरात तुझाच आला.

"तुझ्या घराची मागची भिंत पडली," तू म्हणालीस. "मी तशीच ठेवलीय. तुझं घर आहे, तू येऊन बघ काय करायचं ते. मी हात लावणार नाही."

"तुम्ही ठीक आहात?"

"बाहेर झोपतो सगळे. ठीक आहोत."

मी दुसऱ्या दिवशी निघाले. का निघाले ते नीट सांगता येत नाही. 'तुझं घर' हे दोन शब्द असावेत. तुझ्या सातबारावर उभं असलेलं माझं घर.

भिंत खरोखर तशीच होती, ढीग होऊन पडलेली. बाकीचं घर मात्र झाडलेलं होतं. माझ्या खाटेवरची चादर धुतलेली होती. वर्षभर कुणी तरी ते झाडत होतं, आणि शैलाने मला नंतर सांगितलं की झाडणारी ती नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आपण चौघे अंगणात चहा घेत होतो तेव्हा मी पहिल्यांदा हादरा अनुभवला. खालून ट्रक गेल्यासारखा आवाज, मग कप बशीवर वाजायला लागले. स्वयंपाकघराच्या भिंतीत वरपासून खालपर्यंत चीर गेली. आपण नुसते बघत बसलो. थांबल्यावर तू शांतपणे म्हणालीस, "दीड फूट जाड." दिलीप हसला, आणि मग मलाही हसू आलं. वर्षभराने आपण एकत्र हसलो ते आपल्याच भिंतीवर.

पाड्यावरची घरं उभी होती. लाकडाचे खांब, कारवीच्या काठ्यांचे कूड, वरून शेणामातीचा हात. हलली की सगळी मिळून हलायची आणि परत जागेवर यायची. काही ठिकाणी कौलं सरकली, लिंपण पडलं, तेवढंच. लखमीच्या घरात तारेला टांगलेला दिवा झुलत होता. तो मी पहिल्यांदाच पाहत होते. लखमी माझ्याकडे बघत होती, मी दिव्याकडे बघतेय हे बघत होती.

पुढचे दोन महिने आपण आपल्या हाताने उभ्या केलेल्या भिंती आपल्याच हाताने पाडल्या आणि लखमी आणि तिच्या जावा सांगतील तसे कूड घातले. लखमी कडक मास्तरीण होती. तुझं लिंपण तिने दोनदा खरवडून काढायला लावलं. "बाय, तू शालेत पोरांना असंच शिकवायचीस?" ती म्हणाली. तुला ते फार लागलं होतं आणि फार आवडलंही होतं.

त्याच दिवसांत मी तुला विचारलं. तू कुडाच्या आतल्या बाजूला होतीस, मी बाहेरच्या. मधे काठ्या. असं तोंड दिसत नसताना बोलणं सोपं गेलं.

"मला का नाही विचारलंस?"

तू लगेच उत्तर दिलंस, जणू तयारच होतं. "विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस. मग मला तुझं 'नाही' डावलून सही करावी लागली असती. न विचारता केली म्हणून तू फक्त माझ्यावर चिडलीस. विचारून केली असती तर तुझा अपमान झाला असता."

"म्हणजे ठरवून विचारलं नाहीस."

"ठरवून," तू म्हणालीस.

मी म्हणाले, हे उत्तर मला पटलं नाही. तू म्हणालीस, पटायला हवंच असं नाही. इतक्यात लखमी आली आणि काठ्या वाकड्या बसल्यात म्हणून दोघींना ओरडली. विषय तिथे राहिला. नंतरच्या सहा महिन्यांत तो मी दोनदा काढायला गेले आणि दोनदा तू चहा टाकायला उठलीस.

मी परत गेले नाही, राहिले. याचाही आपण कधी उच्चार केला नाही. शैलाने माझं ताट मांडलं, एवढंच.

या वर्षी जुलैमध्ये, लखमीच्या शेतात लावणी चालू असताना, तू रोपांची जुडी हातात धरून तिला म्हणालीस, "जरा बसते." आणि बांधावर बसलीस. मी त्या दिवशी डहाणू रोडला बॅटरीचं पाणी आणायला गेले होते. शैलाचा फोन आला तेव्हा मी दुकानातच होते. त्यांनी तुला पाड्यावरच्या कुणाच्या तरी जीपमध्ये घातलं होतं. हायवेला लागायच्या आधीच तू गेलीस. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं, हृदय. त्यांना मी लॅबवालीच्या सवयीने बरंच काही विचारलं. त्यांनी शांतपणे उत्तरं दिली. जवळ गाडी असती तर, लवकर पोचलो असतो तर, असं काहीही नव्हतं म्हणे. माळावर राहायला आल्याने तू मेलीस असं मला म्हणता येणार नाही. तसं म्हणता आलं असतं तर निदान कुणावर तरी चिडता आलं असतं.

आता जे तुला सांगायचंय ते सांगते.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी लखमी आली. माझ्या ओट्यावर बसली. म्हणाली, "कुमुदबाय तुला भ्यायची."

मी म्हणाले, "काहीतरीच."

"खरं सांगते. तो साहेब कागद घेऊन आला तवा आमी सगले तिच्याकडं गेलो. ती बोलली, माझी ना नाय, पन विजूला विचारल्याबिगर मी करायची नाय. आठ दिस थांबा. आमी थांबलो. रोज मी विचारू, विचारलं का? ती बोलायची, आज नाय जमलं, उद्या. आठ दिस झाले. मग साहेब बोलला, आता कागद द्या नायतर काम दुसऱ्या गावाला जातंय. तवा तिनं सही केली."

लखमी गेल्यावर मला ते आठ दिवस आठवले.

तू रोज दुपारी माझ्या ओट्यावर यायचीस. पहिल्या दिवशी अंबाडी निवडायला घेऊन आलीस, जी तू कधीच माझ्याकडे आणत नव्हतीस. दुसऱ्या दिवशी माझ्या बहिणीचा गुडघा कसा आहे विचारलंस. एकदा तुझ्या शाळेतल्या एका मुलीची गोष्ट सांगितलीस, जी नकाशा काढताना प्रत्येक वेळी समुद्र आधी रंगवायची. एकदा नुसतीच बसलीस, तासभर, नखं कुरतडत. मला वाटलं तुला एकटं वाटतंय. एकदा मी विचारलंही, "कुमुद, तुला काही बोलायचंय का?" तू म्हणालीस, "नाही गं. इथे बरं वाटतं." आणि उठून गेलीस.

म्हणजे ठरवून वगैरे काही नव्हतं. कुडाच्या पलीकडून तू मला जे सांगितलंस ते खोटं होतं. तू आठ दिवस प्रयत्न करत होतीस आणि तुला जमलं नाही.

तू भावाशी भांडून जमीन घेतलीस. मुख्याध्यापकांच्या टेबलावर राजीनामा ठेवलास. दोर बांधून विहिरीत उतरलीस. अशी बाई मला घाबरत होती, ही गोष्ट मला या वयात, तू गेल्यावर, लखमीकडून कळली. ते ऐकून मला काय वाटलं ते मी अजून नीट सांगू शकत नाही. वाईट वाटलं म्हणणं सोपं आहे. मला लाज वाटली, आणि थोडा रागही आला. मी इतकी अवघड आहे हे तू तीस वर्षांत मला कधीतरी सांगायला हवं होतंस.

गेल्या आठवड्यात हेमंत आला होता. चांगला मुलगा आहे, तुझ्यासारखाच गुजरातीत आणि मराठीत एकाच वाक्यात बोलतो. जमीन आता त्याच्या नावावर होणार. तो म्हणाला, "मावशी, तुम्ही राहा इथे, माझं काहीच म्हणणं नाही. फक्त एक साधा कागद करू, तुम्ही बघताय असा. तुमच्या एकटीच्या नावाने करू, सोपं पडेल." त्याने कागद आणलाच होता. पेनही काढलं. मी त्याला थांबायला सांगितलं आणि दिलीप-शैलाला बोलावलं.

ते दोघे एकमेकांकडे बघायला लागले. मग शैला म्हणाली की दिवाळीनंतर ते नाशिकला मुलीकडे जायचं म्हणतायत. कायमचे. गेल्या वर्षीपासूनच मनात होतं, पण कुमुदला वाईट वाटेल म्हणून बोलले नाहीत. म्हणजे आपल्याकडे सगळेच एकमेकांना न विचारता राहत होते. दिलीपचे डोळे भरून आले. मी त्याला म्हणाले, जा, काही हरकत नाही. खरंच हरकत नव्हती.

मग मी हेमंतला घेऊन पाड्यावर गेले आणि लखमीला विचारलं की मी इथे एकटी राहिले तर तुमचं काही म्हणणं आहे का. तिला प्रश्नच कळला नाही. दोनदा सांगावा लागला. कळल्यावर ती म्हणाली, "आमाला कोन विचारतंय असं?" आणि मग शेजारणींना बोलावून तोच प्रश्न मला परत विचारायला लावला, सगळ्यांसमोर. त्या बराच वेळ आपसात बोलत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, राहा. पण विहिरीवर आमच्या बायकांना येऊ द्यायचं, उन्हाळ्यात. मी हो म्हणाले. मग लखमी म्हणाली, "शेवटच्या खांबावरनं तुझ्या घराला तार ओढायची का? एवढंसं तर हाय." मी म्हणाले, विचार करते. अजून करतेय.

मी कागदावर सही केली. हेमंत गेला. मी घरी आले आणि हे लिहायला बसले, ते आज पुरं होतंय.

तर माझं म्हणणं असं. तू मला विचारलं असतंस तर मी नाही म्हणाले असते. यात मला आता काडीइतकीही शंका नाही, आणि तुलाही नव्हती. तरी विचारायला हवं होतंस. मी नाही म्हणाल्यावर तू मला धरून पाड्यावर नेलं असतंस, आणि लखमीने मला तिच्या तोंडाने सांगितलं असतं, तिच्या दारात उभं करून. त्यानंतर मी काय म्हणाले असते ते मला माहीत नाही. ते कळायची संधी तू मला दिली नाहीस. माझी तक्रार एवढीच आहे.

बाकी सगळं बरोबर केलंस.

विजू